पर्यायी सर्व्हरवरील व्यवहार-नोंदींची सफाई : एक परिचय

निजाम राजवटीत बिदर व गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) या जिल्ह्यांचा महसुली कारभार उर्दूत चालत असे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत, काही तालुके वगळता, हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. पुढे कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेने १७७ तालुक्यांतील सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आणल्या आणि हस्तलिखित उताऱ्याची वैधता संपली. औराद, भालकी किंवा आळंदच्या शेतकऱ्याची पहाणी आता संगणकातूनच निघते. म्हणून असा डेटाबेस बंद पडल्यास त्याची जागा घेणारा पर्यायी सर्व्हर सज्ज असणे अत्यावश्यक ठरते.

हा सर्व्हर कसा सज्ज राहतो, हे दुकानाच्या हिशेबावरून विद्यार्थ्यांना सहज समजावता येते. प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहिला जातो, मग खतावणीत चढतो. डेटाबेसची रोजकीर्द म्हणजे ‘ट्रान्झॅक्शन लॉग’ होय. मुख्य सर्व्हर तिच्या फायली साठ्यात ठेवतो आणि पर्यायी सर्व्हर त्या क्रमाने वाचून स्वतःची खतावणी अद्ययावत करतो.

पोस्टग्रेएसक्यूएल या मोफत प्रणालीत अशी एक फाइल साधारणतः १६ एमबीची असते. कामकाज चालू असताना दर मिनिटाला एक फाइल साठ्यात गेली, तर दिवसाला १,४४० फायली, म्हणजे सुमारे २२.५ जीबी जागा व्यापते. सफाई न केल्यास साठा भरतो, नव्या फायली मुख्य सर्व्हरवरच तुंबतात आणि शेवटी तोही थांबतो.

यावर ‘सात दिवसांपूर्वीच्या फायली पुसा’ असा नियम अनेकदा केला जातो. तो घातक आहे. संपर्क आठ दिवस तुटला, तर पर्यायी सर्व्हरला हवी असलेलीच फाइल नष्ट झालेली असते. मधले एक पान फाटले की पुढचा हिशेब जुळत नाही. मग मूळ डेटाबेसची संपूर्ण प्रत पुन्हा घ्यावी लागते.

म्हणून निकष फाइलीच्या वयाचा नसून गरजेचा असावा. पर्यायी सर्व्हर ठरावीक अंतराने ‘रीस्टार्ट पॉइंट’ नोंदवतो. तो बंद पडून पुन्हा सुरू झाल्यास वाचन तेथून करतो. त्यामुळे ‘वाचून झालेली’ प्रत्येक फाइल निरुपयोगी नसते. या बिंदूच्या आधीचीच पुसावी. २०१० च्या ९.० आवृत्तीपासून ‘आर्काइव्ह क्लीनअप कमांड’ या सूचनेद्वारे हे काम आपोआप होते. सर्व्हर बंद असेल तर सफाईही थांबते, हीच तिची सुरक्षितता. मात्र तोवर साठा वाढत राहतो, म्हणून मोकळ्या जागेवर लक्ष ठेवावेच लागते.

दोन दक्षता आवश्यक आहेत. एकाच साठ्यावर दोन पर्यायी सर्व्हर अवलंबून असतील, तर सर्वांत मागे असलेल्याचा बिंदू प्रमाण मानावा. तसेच तोच साठा बॅकअपसाठी वापरला जात असेल, तर ही आज्ञा लावू नये.

प्रयोगशाळेत पर्यायी सर्व्हर तासभर बंद ठेवून साठ्यातील फायली मोजाव्यात आणि तो सुरू केल्यावर पुन्हा मोजाव्यात. कोणती नोंद केव्हा टाकाऊ होते, हे विद्यार्थी त्यातून स्वतः ताडतील.