हुगळीचा बान

कोलकात्याच्या घाटावर कोणी "बान आला" म्हणून ओरडले, तर मराठी माणसाला आधी धनुष्य आठवते. आमचेही तसेच झाले. बंगालीत 'बान' म्हणजे पूर. आणि उधाणाच्या दिवसांत समुद्राकडून भिंतीसारखे उभे राहून नदीत उलटे धावत येते, त्या पाण्यालाही हुगळीकाठी बानच म्हणतात. आपल्या कोकणातल्या कोळ्यापाशी उधाण आहे, भांग आहे, पण ह्या भिंतीला त्याच्याकडून आम्ही कधी नाव ऐकले नाही. म्हणून ह्या लेखात आम्ही सरळ बान हाच शब्द ठेवतो.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. शाळा सातवीत सुटली; पुढचे जे काही शिक्षण झाले, ते मुंबईच्या गोदीत आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी. बान पाहण्याची हौस म्हणून आम्ही कोलकात्याला गेलो नव्हतो. तिकडच्या बंदर-कामगारांच्या एका कार्यकर्त्याने नुकसानभरपाईच्या एका प्रकरणासाठी बोलावले होते. माणूस बानात बुडाला होता. कंत्राटदाराचे म्हणणे असे की, ही दैवी आपत्ती. तीत कोणाचा काय दोष? आमच्या मित्राने आम्हांला लिहिले होते, "आधी बान डोळ्यांनी बघा, मग कागद बघू." तारीखही त्यानेच कळवली होती : ३० सप्टेंबर २०१५. पौर्णिमा २८ तारखेला होऊन गेली होती. आमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण ऐन भरात येते, हे समुद्राकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. शिवाय त्या पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ आलेला होता, म्हणजे उधाणही तसेच दांडगे.

बरानगरच्या बाजूला एका घाटावर आम्ही सकाळीच जाऊन बसलो. ओहोटी लागलेली होती. पाणी पायऱ्या सोडून खूप खाली गेले होते आणि खाली काळा, चकाकणारा चिखल उघडा पडला होता. शेजारी एक म्हातारे नाववाले बिडी ओढीत बसले होते. आम्ही त्यांना काका म्हणत होतो, ते आम्हांला दादा म्हणत होते. भाषा अर्धी हिंदी, अर्धी बंगाली. बारा वाजायला थोडा अवकाश होता. काकांनी बिडी टाकली, नावेची दोरी सोडली आणि नाव काठापासून दूर, खोल पाण्यात नेऊ लागले. आमच्या मनात आले, संकट येत असताना हा माणूस काठ सोडून नदीच्या मध्याकडे का निघाला? पाहता पाहता काठच्या साऱ्याच होड्या तिकडे निघाल्या, आणि सगळ्यांची तोंडे दक्षिणेकडे वळली.

आधी आवाज आला. लांबून मालगाडी पुलावर यावी तसा. मग वळणावर एक पांढरी रेघ दिसली. ती जवळ येऊ लागली तेव्हा कळले की ती रेघ नव्हे, फेसाळलेली कड आहे. आमच्या बाजूच्या उथळ पाण्यावर ती फुटत होती, आणि उंचीने छातीइतकी तरी असावी. पलीकडे, खोल पाण्यात, तीच लाट न फुटता गुळगुळीत फुगवट्यासारखी सरकत होती. काकांची नाव तिच्यावर नाकाकडून चढली, मागून उतरली, संपले. इकडे मात्र चिखल दिसेनासा झाला, पायऱ्यांवर पाणी आदळले आणि घाटाचा खालचा भाग काही क्षणांत बुडाला. खोल पाण्यात होडी का न्यायची, ह्याचे उत्तर आम्हांला न विचारता मिळाले.

सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट पुढेच होती. लाट गेल्यावर पाणी शांत होईल असे वाटले होते. पण नदीच उलटी वाहू लागली! मघाशी समुद्राकडे चाललेले जलपर्णीचे पुंजके आता जोराने उत्तरेकडे निघाले. बान ही एकटी लाट नव्हे. ती येणाऱ्या सबंध भरतीची पुढची कड आहे.

आता ही कड उभी का राहते, ते पाहू. समुद्रात भरती सहा तासांत हळूहळू चढते, भिंत बांधून येत नाही. पण उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. दोन मीटर खोल पाण्यात तो ताशी सुमारे १६ किलोमीटर भरतो, सहा मीटर पाण्यात सुमारे २७. नदीचा प्रवाह समोरून येत असेल तर त्यातून तेवढा वजा करायचा. ओहोटीच्या तळाला नदी उथळ असते, म्हणून भरतीचा पहिला भाग रखडत चालतो. त्याच्या मागून येणाऱ्या पाण्याला पहिल्याने आधीच खोली करून ठेवलेली असते, म्हणून ते वेगाने येते आणि पुढच्याला गाठते. मुंबईच्या स्टेशनातला जिना डोळ्यांपुढे आणा. पुढची माणसे पायऱ्या चढताना मंदावतात, मागची फलाटावरून भराभर येतच असतात. जिन्याच्या तोंडाशी गर्दी तटते. पाण्याला तटून राहता येत नाही, ते वर चढते. त्यातून नदीचे मुख नरसाळ्यासारखे, समुद्राकडे रुंद आणि आत निमुळते असले, की तेवढेच पाणी कमी जागेत कोंबले जाते.

जेम्स रेनेल हा बंगालचा सर्व्हेयर जनरल. त्याने १७८१ साली लिहून ठेवले आहे की, नदी जेथे प्रथम आकसते त्या हुगळी पॉइंटपासून बान सुरू होतो, हुगळी गावाच्याही वर जाणवतो, आणि मधले जवळजवळ ७० मैल जेमतेम चार तासांत कापतो. कलकत्त्याजवळ पाणी कधी कधी एका झटक्यात पाच फूट चढते, असेही तो सांगतो. ७० मैलांना चार तास म्हणजे ताशी २८ किलोमीटर. वर आम्ही सहा मीटर पाण्याचा जो हिशेब मांडला, त्याच्याशी हे किती जवळ आहे पाहा! हा मेळ आम्ही प्रथम कागदावर घातला तेव्हा मनापासून आनंद झाला होता.

कोकणातल्या खाड्यांत हे घडत नाही. समुद्र आणि सह्याद्री ह्यांत अंतर थोडे, नद्या आखूड आणि उतार तीव्र. भरतीला इतके लांब धावायला मैदानच मिळत नाही. खंभातच्या आखातात मात्र मिळते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे वर्णन केले आहे; त्यात भडोचजवळ नर्मदेच्या मुखाशी भरती कशी सैन्याच्या गर्जनेसारखी येते आणि नांगरलेली गलबते कशी उलटतात, ते सविस्तर आहे. त्याच पुस्तकात आम्हांला आणखी एक गोष्ट भेटली. राजाच्या नोकरीतले तिथले कोळी मोठ्या होड्या घेऊन पार बाहेरपर्यंत सामोरे जात आणि परक्या गलबतांना भरतीच्या वेळा सांभाळून आत आणीत. पाण्याची वेळ जाणणे ही तेव्हाही पगाराची विद्या होती.

जगातला सर्वांत मोठा बान चीनमध्ये छ्येनथांग नदीवर येतो. तिकडच्या आठव्या चांद्रमासाच्या अठराव्या दिवशी तो पाहायला दगडी बांधांवर जत्रा भरते. फ्रान्समधल्या सेन नदीवरही मोठा बान येत असे. १९६०च्या दशकात जहाजांसाठी नदी खोल केल्यावर तो जवळजवळ नाहीसाच झाला. खोली वाढली, पुढचे पाणी रखडेनासे झाले, मग तटणार काय?

हुगळीकाठचे लोक बानाच्या जाती ओळखतात. भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराच्या सर्वांत दांडग्या बानाला ते सांडांच्या झुंजीचे नाव देतात : षांडाषांडीचा बान. नावात भीती आहे खरी, पण दिवस ठाऊक असल्याशिवाय असे नाव पडत नाही. काकांपाशी घड्याळ नव्हते, तरी दोरी त्यांनी वेळेवर सोडली. आणि ज्यांच्यापाशी काकांचे ज्ञान नाही, त्यांच्यासाठी छापील कोष्टके आहेत. चंद्राचे ओढणे, सूर्याचे ओढणे, चंद्राचे जवळ-दूर होणे, असे एकेक कारण वेगळे काढून त्यांची बेरीज केली, की पुढल्या वर्षाची भरती आजच सांगता येते. ही बेरीज करणारे चाकांचे आणि कप्प्यांचे एक यंत्र १८७९ साली हिंदुस्थानातल्या बंदरांकरिता लंडनमध्ये मुद्दाम बांधून घेतले होते. आज भारतीय सर्वेक्षण खाते हुगळीची भरती-कोष्टके दरवर्षी आधीच प्रसिद्ध करते. बान किती उंच येईल हे अचूक सांगणे कठीण. पण ओहोटीची वेळ त्यात मिनिटांसकट असते, आणि ओहोटीचा तळ गाठल्यावर थोड्याच वेळात बान यायचा.

आता तो कागद. २०१४च्या पावसाळ्यात, उधाणाच्या एका दिवशी, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर एका बार्जचा तळ खरवडायला चार माणसे उतरवली होती. तिघे वर चढले, चौथा राहिला. नुकसानभरपाईचा १९२३चा कायदा तेव्हा लागू होता. त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामात आणि कामामुळे झाला एवढे दाखवावे लागते. हे कंत्राटदाराच्या वकिलाला ठाऊक होतेच. म्हणून दैवी आपत्तीच्या जोडीला त्यांनी दुसरे म्हणणे मांडले : काम बाराला सुटले, नंतर हा माणूस आपल्या मर्जीने नदीत अंघोळीला उतरला, आणि त्याला बानाने नेले. सोबतचे तिघे रोजंदारीचे. पुढच्या कामाच्या आशेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

आमच्या मित्राने कोष्टक पुढे ठेवले आणि बोट एका आकड्यावर टेकवले. त्या दिवशीची ओहोटी अकराच्या आधीच तळाला गेली होती. म्हणजे बान येऊन गेला तेव्हा काम सुटायला तासभर तरी बाकी होता, आणि पुढचा बान रात्रीखेरीज यायचा नव्हता. बारानंतर अंघोळीला गेलेल्या माणसाला नेणार कोण? ज्या बानाला कंत्राटदाराने साक्षीला उभे केले, त्यानेच त्याची वेळ खोटी पाडली.

आम्ही त्या कोष्टकाच्या पानाची प्रत घेतली आणि दोघांनी मिळून अर्ज पुन्हा लिहिला. निकाल २०१७ साली लागला. मृत्यू कामावर झाला असे ठरले आणि रक्कम विधवेच्या नावे जमा झाली. ती तिच्या हातात पडायला आणखी अकरा महिने गेले.

त्या जेट्टीवर आता युनियनचा एक फळा आहे. उधाणाच्या दिवसांत सकाळी कोणीतरी त्यावर तारीख, ओहोटीची वेळ आणि त्याखाली बंगालीत एक ओळ लिहितो : ह्यानंतर चिखलावर कोणी थांबू नये. पावसाने खडू पुसला जातो, म्हणून दिवसातून दोनदा लिहावे लागते.