सूत्र विसरलात? अर्धं करा, वर्ग करा!

दहावीचं ‘गणित भाग १’ रद्दीत गेलं, आर्ट्स नाहीतर मास मीडियाला अ‍ॅडमिशन झाली आणि तुम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे! मग टीवाय संपत येतं, घरात बँकेच्या परीक्षेचा विषय निघतो. तुम्ही क्वांटचा सराव पेपर उघडता आणि दुसऱ्या प्रकरणातली तीच वर्गसमीकरणं समोर दत्त म्हणून हजर. तीही जोडीनं! एक ‘क्ष’चं, एक ‘य’चं. मोठं कोण, ते सांगा.

आयबीपीएस पीओच्या प्रिलिम्सला क्वांटचे ३५ प्रश्न आणि वेळ २० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद. चुकलात तर त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जाणार. अशा वेळी अवयव पाडत बसलात आणि आकडे जुळलेच नाहीत तर? सूत्र आठवतं, पण ‘वजा ब’च्या पुढे काय, तिथे गाडी अडते.

म्हणून एक वेगळा रस्ता बघू. हे घ्या: क्ष² − १०क्ष + २१ = ०. याची दोन उत्तरं आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांची बेरीज १० आणि गुणाकार २१ आहे, हे समीकरणच सांगतंय. दोन संख्यांची बेरीज १० म्हणजे त्यांच्या बरोबर मध्ये ५. एक संख्या ५ पेक्षा जितकी कमी, दुसरी तितकीच जास्त. हे अंतर ‘अ’ धरा. (५ − अ)(५ + अ) = २१, म्हणजे २५ − अ² = २१. अ² आलं ४, अ आलं २. उत्तरं ३ आणि ७. अंदाजपंचे काहीच नाही!

थोडक्यात, मधल्या संख्येचं चिन्ह बदला आणि ती अर्धी करा. त्या अर्ध्याचा वर्ग करून शेवटची संख्या वजा करा. वर्गमूळ घ्या, एकदा मिळवा, एकदा वजा करा. वजाबाकी ऋण आली तर वास्तव उत्तरच नाही. एकच अट: क्ष² च्या मागे संख्या असेल तर आधी तिनं सगळ्याला भागून घ्या.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्राध्यापक पो-शेन लो यांनी २०१९ मध्ये ही मांडणी पुढे आणली आणि ती जगभर गाजली. यातल्या कल्पना जुन्याच आहेत, हे त्यांनीच सांगितलंय. बेरीज आणि गुणाकारावरून दोन संख्या शोधायची रीत बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीची सापडते.

आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये वर्गसमीकरणाची रीत शब्दांत मांडली. पुढे श्रीधराचार्यांनी अपूर्णांक टाळायची युक्ती दिली. क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीनं सगळ्याला गुणा आणि क्ष च्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. २क्ष² + ५क्ष = ३ ला ८ नं गुणून २५ मिळवा; (४क्ष + ५)² = ४९ तयार! मग ४क्ष + ५ हे ७ किंवा −७, म्हणजे क्ष हा १/२ किंवा −३. श्रीधराचार्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही रीत आपल्यापर्यंत आली, कारण भास्कराचार्यांनी ती ‘बीजगणित’ ग्रंथात उद्धृत केली. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. म्हणजे हा विषय परका नाही, खानदेशातलाच आहे!

आता परत परीक्षा हॉलमध्ये या. आपल्या क्ष च्या किमती ३ आणि ७. सोबत य² − ५य + ६ = ० दिलंय. अर्धं २.५, त्याचा वर्ग ६.२५, वजा ६ म्हणजे ०.२५. वर्गमूळ ०.५. य च्या किमती २ आणि ३. ‘क्ष मोठा’वर टिक करायला हात शिवशिवेल, पण थांबा. ३ दोन्हीकडे आहे. बरोबर पर्याय ‘क्ष मोठा किंवा समान’. पाव गुण कापले जातात ते इथेच.

आणि एक शॉर्टकट, जो पाठ करण्याऐवजी समजून घ्या. दोन्ही समीकरणांत वर्गाची पदं धन असून शेवटच्या संख्या ऋण असतील, तर सोडवूच नका. गुणाकार ऋण म्हणजे प्रत्येकाचं एक उत्तर धन, एक ऋण. क्ष चं धन उत्तर य च्या ऋण उत्तरापेक्षा मोठं आणि क्ष चं ऋण उत्तर य च्या धन उत्तरापेक्षा लहान. म्हणजे ‘संबंध ठरवता येत नाही’. पाच सेकंदांत प्रश्न खलास! वाचलेला वेळ डेटा इंटरप्रिटेशनला द्या, तिथे तो लागणारच आहे.

वाचून डोक्यात बसेल, हातात बसणार नाही. कागद घ्या आणि क्ष² − ८क्ष + १३ = ० सोडवा. अवयव पडत नाहीत म्हणून घाबरू नका. ४ + √३ आणि ४ − √३ आलं? मग आता घड्याळ लावून बसा!