सिद्धार्थ देसाई गेला तेव्हा यू मुंबा पुढे सरकला. मग घसरला कधी?

डिसेंबर उजाडला की मालवण, आचरा, देवगड पट्ट्यात संध्याकाळी शेतात आणि शाळेच्या पटांगणात दिवे लागतात. भातकापणी झालेली असते, जत्रा सुरू झालेल्या असतात आणि कुठे ना कुठे कबड्डीचे सामने असतात. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की दरवर्षी एकच चर्चा कानावर येते : यंदा कोण नाही? कुणाला मुंबईत नोकरी लागलेली असते, कुणी गोव्यात हॉटेलात कामाला गेलेला असतो. आमच्या वाडीच्या संघाचा सर्वांत चांगला चढाईपटूही असाच गेला. त्यानंतरच्या पहिल्या सामन्यात संघाला चढाईला कुणाला पाठवायचं हेच ठरवता येईना.

एप्रिल २०१९ मध्ये असाच प्रश्न यू मुंबासमोर होता. तेव्हा मी कॉलेजात होतो. सिद्धार्थ देसाई तेलुगू टायटन्सकडे गेल्याची बातमी मोबाइलवर आली आणि शेजारचे काका म्हणाले, "आता मुंबईचा काय खरा नाय." प्रत्यक्षात तसं घडलं नाही. त्या मोसमात यू मुंबा आदल्या वर्षीपेक्षा पुढे गेला. घसरण झाली, पण नंतर आणि वेगळ्याच कारणाने.

सिद्धार्थ एवढा महत्त्वाचा का होता?

सिद्धार्थ कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा. चंदगड म्हणजे आपल्या दोडामार्गाला घाटावर लागून असलेला तालुका, त्यामुळे तो इथल्या लोकांना घरचाच वाटायचा. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने त्याला ३६.४ लाख रुपयांत घेतलं. प्रो कबड्डीतला त्याचा तो पहिलाच मोसम. त्यात त्याने चढायांमधून २१८ गुण मिळवले आणि तो सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

त्याच उन्हाळ्यात यू मुंबाने आणखी मोठा निर्णय घेतला होता. पहिल्या पाच मोसमांचा कर्णधार अनुप कुमार संघात राहिला नव्हता. अनुपच्या नेतृत्वाखाली मुंबईने पहिल्या तिन्ही मोसमांत अंतिम फेरी गाठली होती आणि २०१५ मध्ये बंगळूरु बुल्सला ३६-३० असं हरवून विजेतेपद मिळवलं होतं. सिद्धार्थ आला तो ही पोकळी भरायला. ती त्याने भरली. संघ प्लेऑफला पोहोचला, पण एलिमिनेटरमध्ये यूपी योद्धाकडून २९-३४ असा हरला.

पुढच्या लिलावात टायटन्सने सिद्धार्थसाठी १.४५ कोटी मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती.

मुंबईने तेवढे पैसे का मोजले नाहीत?

इथे थोडं गणित करावं लागतं. प्रत्येक संघाला खेळाडूंवर किती खर्च करता येईल याला मर्यादा असते. सातव्या मोसमात ती ४.४० कोटी होती. म्हणजे १.४५ कोटी एका खेळाडूवर घातले की तिजोरीचा एक तृतीयांश भाग संपला. उरलेल्या पैशांत बाकीचा सगळा संघ उभा करायचा. मुंबईकडे आधीच एक महागडा माणूस होता : इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली, २०१८ च्या लिलावात एक कोटीला घेतलेला. दोघांनाही ठेवायचं तर बाकीच्यांसाठी चिल्लर उरली असती. मुंबईने फझलला ठेवलं.

कबड्डीच्या नियमांत या निर्णयाचं कारण सापडतं. चढाईपटू बाद झाला की तो बाकावर बसतो आणि त्याच्या संघाने प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू बाद केला की एक जण आत येतो. म्हणजे सगळ्या चढाया एकटाच करत असेल, तर त्याची एक पकड झाली की संघाचं इंजिन बंद. त्याला आत आणायचं कुणी? बचाव भक्कम असेल तर समोरच्या चढाईपटूची पकड करून त्याला परत आणता येतं. शिवाय सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. एकच खेळाडू ओळखीचा असला की समोरचा संघ त्याला दोनदा रिकामं परतायला लावतो आणि तिसऱ्या चढाईची वाट बघत बसतो. एकाच खांबावर मांडव उभारला की जे होतं, तेच इथे होतं.

मग २०१९ मध्ये काय झालं?

प्रशिक्षक संजीव बालियान यांच्याकडे अभिषेक सिंग, अर्जुन देशवाल, रोहित बालियान आणि अतुल एम. एस. असे चार चढाईपटू होते. यातल्या एकानेही सिद्धार्थच्या २१८ च्या जवळपास गुण मिळवले नाहीत. पण एकाची पकड झाली की दुसरा तयार असायचा. मागे फझल, सुरिंदर सिंग आणि नव्याने आलेला संदीप नरवाल. फझल त्या मोसमाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

मुंबई चौथ्या क्रमांकावर राहिली. एलिमिनेटरमध्ये हरियाणा स्टीलर्सला ४६-३८ असं हरवलं आणि उपांत्य फेरीत बंगाल वॉरियर्सकडून ३५-३७ असा पराभव झाला. फरक दोन गुणांचा, आणि पुढे बंगालच विजेता ठरला.

तिकडे सिद्धार्थने टायटन्ससाठी चढायांतून २१७ गुण मिळवले. आदल्या वर्षीपेक्षा फक्त एक कमी. त्याने काही कमी केलं असं कुणी म्हणू शकणार नाही. टायटन्स बारा संघांत अकरावे आले.

या दोन आकड्यांपुढे मी बराच वेळ थांबलो होतो. तोच खेळाडू, जवळपास तेवढेच गुण, आणि दोन संघांची दोन टोकं.

बास्केटबॉलमध्ये असं होत नाही. तिथे मैदानावर एका वेळी पाचच जण असतात आणि मोठा खेळाडू जवळपास पूर्ण सामना खेळतो. बाद होऊन बाकावर बसायची भानगड नाही. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलंड सोडून गेला, तेव्हा ८२ पैकी ६१ सामने जिंकणारा तो संघ पुढच्या मोसमात १९ वर आला आणि मध्ये सलग २६ सामने हरला. मात्र अमेरिकेत तळाच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची जास्त संधी असते. प्रो कबड्डीच्या लिलावात हरलेल्याला अशी सवलत नाही. जो पैसे नीट वाटतो, त्याचं निभावतं.

मुंबईचं खरं नुकसान कुठे झालं?

माझ्या मते अर्जुन देशवालपाशी. २०२० चा मोसम कोरोनामुळे झालाच नाही. २०२१ च्या लिलावाआधी मुंबईने अर्जुनला सोडलं आणि जयपूर पिंक पँथर्सने त्याला ९६ लाखांत घेतलं. तेव्हा याची बातमी फारशी मोठी झाली नाही, सिद्धार्थच्या वेळेसारखं कुणी हळहळलं नाही. आठव्या मोसमात फझल कर्णधार असूनही मुंबई दहावी आली. म्हणजे बचाव चांगला असला की भागतं, असंही नाही.

अर्जुनने नवव्या मोसमात चढायांतून २९६ गुण घेतले आणि जयपूरने विजेतेपद मिळवलं. १७ डिसेंबर २०२२ चा तो अंतिम सामना कुठे झाला? वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, जिथे यू मुंबाचे घरचे सामने गाजले होते. गिरणगावात राहिलेल्या कितीतरी कोकणी चाकरमान्यांनी संघाला डोक्यावर घेतलं तेही तिथेच. हे चाहत्यांना जास्त लागलं असणार. नाव घेऊन ओरडावं असा खेळाडू गेला की संघ सावध होतो, पर्याय शोधतो. त्याच्या शेजारी तयार होत असलेला गेला तर कळेपर्यंत दोन मोसम निघून जातात.

नंतर फझलही गेला. २०२२ मध्ये पुणेरी पलटणने त्याला १.३८ कोटींना घेतलं. मुंबईने गुमान सिंगवर १.२१ कोटी खर्च केले, पण नवव्या आणि दहाव्या मोसमात प्लेऑफ हुकलंच. अकराव्यात बचावपटू सुनील कुमारला १.०१५ कोटींना आणून कर्णधार केलं, चढाईची मदार तरुण अजित चौहानवर टाकली, तेव्हा कुठे पाचवा क्रमांक मिळाला. एलिमिनेटरमध्ये मात्र पाटणा पायरेट्सकडून २३-३१ असा पराभव.

पुण्याने काय वेगळं केलं?

पुण्याने २०२३ च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २.३५ कोटी मोजले आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. पराभूत हरियाणाच्या संघात सिद्धार्थ देसाई होता, हा योगायोग. पुढच्या लिलावात शादलू हरियाणाकडे गेला, २.०७ कोटींना, आणि हरियाणा विजेता झाला. त्याच मोसमात पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार जखमी झाला आणि गतविजेता संघ प्लेऑफबाहेर राहिला.

पण पुण्याने गडबडीत कुणावर तिजोरी रिती केली नाही. अस्लम, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन हा गाभा तसाच ठेवला. प्रशिक्षकपदी अजय ठाकूर आला, अस्लम बरा होऊन परतला, आणि २०२५ मध्ये पुणे गुणतक्त्यात पहिलं आलं. अंतिम सामना दबंग दिल्लीकडून २८-३१ असा गेला. दिल्लीच्या बचावात कोण होतं? फझल अत्राचली.

आमच्या वाडीच्या संघात आता तिघे आळीपाळीने चढाईला जातात. त्यातला एक अजून बारावीला आहे. परीक्षा झाल्यावर तो मुंबईला जाणार की नाही, यावर मैदानाच्या कडेला आतापासूनच बोलणी चालू आहेत.