दुबईतली कंपनी: लायसन्सच्या पुढचे प्रश्न

दुबईत कंपनी काढणे आता खरोखरच सोपे आहे. पासपोर्टची प्रत दिली, नाव नोंदवले, फी भरली की काही फ्री झोनमध्ये थोड्याच दिवसांत लायसन्स हातात पडते. पण पुण्या-नाशिकच्या उद्योजकांपर्यंत पोचणाऱ्या जाहिराती इथेच थांबतात आणि पुढचे काही सांगत नाहीत. जी माणसे यात वर्षानुवर्षांची पुंजी घालतात, त्यांना ते पैसे भरण्याआधी कळायला हवे.

एक जुना समज अजून गेलेला नाही: स्थानिक अरब भागीदाराला ५१ टक्के द्यावेच लागतात. फ्री झोनबाहेर, म्हणजे मेनलँडवर, एके काळी तसा नियम होता. १ जून २०२१ पासून सुधारित कंपनी कायदा लागू झाला आणि बहुतेक व्यवसायांत परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी घेता येऊ लागली. संरक्षण, बँकिंग, दूरसंचार अशी काही क्षेत्रे तेवढी वेगळी ठेवली आहेत. त्यामुळे आज कुणी ‘नावापुरता स्पॉन्सर’ मिळवून देण्याचे वार्षिक पैसे मागत असेल, तर तो कशासाठी लागतो हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

या जुन्या धास्तीपोटी अनेक जण डोळे मिटून फ्री झोन निवडतात. जबेल अली हा तिथला पहिला फ्री झोन १९८५ साली सुरू झाला, आणि आयात करून पुन्हा निर्यात करणाऱ्यांना अशा झोनचा मोठा फायदा होतो. मात्र गिऱ्हाईक दुबई शहरातच असेल तर फ्री झोनचे लायसन्स अपुरे पडते. मेनलँडवर व्यवसाय करायला वेगळी परवानगी किंवा शाखा लागते, आणि फ्री झोनमधला माल शहरात आणताना सीमाशुल्क भरावे लागते. म्हणून गिऱ्हाईक कुठे आहे हे आधी ठरवावे, झोन नंतर.

सर्वांत महागात पडणारा समज कराबद्दलचा आहे. ‘दुबईत टॅक्स नाही’ हे पगारदार माणसाच्या पगारापुरते खरे आहे. कंपनीचे तसे नाही. ५ टक्के व्हॅट १ जानेवारी २०१८ पासून आहे. १ जून २०२३ रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून कॉर्पोरेट टॅक्सही आला: ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्यावरच्या नफ्यावर ९ टक्के.

‘फ्री झोनमध्ये तर शून्यच ना?’ असे लगेच विचारले जाते. शून्य दर आहे, पण तो ठरावीक प्रकारच्या उत्पन्नालाच लागू होतो. शिवाय झोनमध्ये खरोखर कामकाज चालले पाहिजे आणि हिशेबाचे ऑडिट झाले पाहिजे. अटी मोडल्या तर ते वर्ष आणि पुढची चार वर्षे ही सवलत जाते. झोनबाहेरच्या ग्राहकांना सल्ला किंवा सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या छोट्या कंपनीचे उत्पन्न सहसा या यादीत बसतच नाही. तिला उपयोगी पडते ती लघुउद्योग सवलत. वार्षिक उलाढाल ३० लाख दिरहमच्या आत असेल, तर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करवर्षांसाठी ती मागता येते. कर शून्य निघाला तरी नोंदणी आणि विवरणपत्र टळत नाही. उशिरा नोंदणी केल्यास दंड आहे १०,००० दिरहम.

आता आपल्या बाजूचा कायदा. एजंट याबद्दल सहसा बोलत नाहीत, आणि माणसे जास्त अडकतात ती इथेच. भारतात राहणाऱ्याने परदेशी कंपनीत भांडवल घातले की त्याला फेमा कायद्याखालचे ऑगस्ट २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम लागू होतात. पैसे अधिकृत बँकेमार्फत, फॉर्म एफसी भरून आणि वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेतच पाठवायचे. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा वार्षिक अहवाल बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे जायला हवा. तिथल्या मित्राच्या खात्यातून भांडवल भरले तर नोंदीत पहिल्या दिवसापासूनच खोट राहते आणि पुढे ती निस्तरायला विलंबशुल्क किंवा तडजोडीची रक्कम मोजावी लागते. (जे आधीपासूनच आखातात स्थायिक आहेत आणि तिथल्याच कमाईतून गुंतवतात, त्यांची गोष्ट वेगळी.)

प्राप्तिकर विवरणपत्रातही परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात हे समभाग आणि खाती दाखवावी लागतात. कंपनीने वर्षभर रुपयाही कमावला नसला तरी. दडवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. एकूण २० लाखांपर्यंतच्या, स्थावर सोडून इतर मालमत्तेला त्यातून सूट आहे. तिथून आलेला लाभांश इथल्या रहिवाशाच्या उत्पन्नात धरला जातो. आणि कंपनीचे सगळे निर्णय पुण्यात बसूनच होत असतील, तर तिला भारतीय रहिवासी ठरवून तिच्या जगभरच्या नफ्यावर इथे कर लावता येतो. ५० कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीला ही तरतूद लागू नाही, एवढा दिलासा आहे.

लायसन्सबरोबर बँक खाते मिळतेच, हाही भ्रम. बँक स्वतंत्रपणे चौकशी करते: पैसा कुठून आला, ग्राहक कोण, करार कुठे आहेत. ती नकारही देते. व्हिसाचेही तसेच: सर्वसाधारण रेसिडन्स व्हिसा सलग सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिल्यास बाद होऊ शकतो, गोल्डन व्हिसाला ती अट नाही.

शेवटचा समज कंपनी बंद करण्याचा. नूतनीकरण केले नाही म्हणजे कंपनी आपोआप संपली, असे होत नाही. दंड साचत राहतो. रीतसर बंद करायची तर लिक्विडेटर नेमावा लागतो, कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी, व्हिसा आणि बँक खाते मिटवावे लागते, व्हॅट आणि कॉर्पोरेट टॅक्सची नोंदणी रद्द करावी लागते. उरलेली रक्कम ९० दिवसांत भारतात आणायची, आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत गुंतवणूक संपल्याची माहिती बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला द्यायची.