ती कुठे गेली, हे कोण विचारतं?

आपल्या बायकांना गुन्हेगारी कथांची आवड काही आज लागलेली नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूच्या आणि झुंजारच्या कथा वाचनालयातून आणून, अभ्यासाच्या पुस्तकाखाली लपवून वाचणाऱ्या मुली आता आज्या झाल्या. पुढे दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ आली, १९८५ मध्ये गाजर खाणारा ‘करमचंद’ आला, १९९३ मध्ये धोतर नेसलेला ‘ब्योमकेश बक्षी’ आला. १९९८ पासून ‘सीआयडी’नं तर किती दरवाजे तोडले, त्याची मोजदादच नाही. ओटा आवरून, उद्याची भाजी निवडत निवडत आपण हे सगळं बघत आलोय. आणि खुनी कोण ते पोलिसांच्या आधी ओळखलंय!

आता वेबसिरीज आल्या. टीव्हीवर बघा नाहीतर कानात हेडफोन घालून मोबाईलवर बघा. ‘एखादी चांगली तपासाची मालिका सांग ना गं,’ असं मैत्रिणी मला नेहमी विचारतात. आणि लगेच पुढचं वाक्य असतं, ‘पण फार काळी नको बाई, झोप लागत नाही.’

मैत्रिणींनो, मालिका काळी असायला माझी हरकत नाही. पण तो काळोख कशासाठी, एवढं मी बघते. नुसता रक्तपात दाखवायचा, बाईचं प्रेत कॅमेऱ्यानं चारही बाजूंनी न्याहाळायचं आणि मग ढँण्ण करून संगीत वाजवायचं, अशा मालिका ढिगानं आहेत. त्या खुशाल सोडून द्या. माझी कसोटी साधी आहे. मालिका संपल्यावर त्या गेलेल्या किंवा छळल्या गेलेल्या बाईबद्दल आपल्याला काही कळलं का? ती कोण होती, तिचं ऐकायला कोण होतं, ती दिसेनाशी झाल्यावर तिला कोणी शोधलं? ‘खुनी कोण?’ याच्या आधी ‘तिच्याकडे कुणाचंच लक्ष का नव्हतं?’ हा प्रश्न जी मालिका विचारते, ती माझ्या यादीत बसते. अशाच काही मालिका आज सांगते. शेवट मात्र एकीचाही सांगणार नाही, काळजी नको.

पळून गेली, विषय संपला

सुरुवात ‘दहाड’पासून करा. २०२३ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर आलेली रीमा कागती आणि झोया अख्तर यांची ही आठ भागांची हिंदी मालिका. राजस्थानातलं मंडावा हे छोटं गाव. सार्वजनिक शौचालयात एका तरुणीचा मृतदेह सापडतो, नवरीच्या वेशात. वरवर पाहता आत्महत्या. पण सबइन्स्पेक्टर अंजली भाटीला (सोनाक्षी सिन्हा) ते पटत नाही. ती खणत जाते आणि आसपासच्या गावांतून, जिल्ह्यांतून तशाच गेलेल्या वीसहून जास्त मुली समोर येतात.

एवढ्या मुली गेल्या आणि कुणाला पत्ता नाही? नाही. कारण प्रत्येकीच्या घरच्यांना वाटलं, पोरगी कुणाबरोबर तरी पळून गेली. लाजेपायी त्यांनी शोधलंच नाही. या सगळ्या गरीब घरच्या, हुंड्याअभावी लग्न रखडलेल्या मुली. कुणीतरी पहिल्यांदा त्यांच्याशी दोन शब्द गोड बोललं होतं. एका भावाला मात्र चैन पडत नाही. तो पोलिसांकडे खेटे घालतो, पण त्याला कोणी दारात उभं करत नाही. त्याच वेळी एका बड्या घरची मुलगी परधर्मीय मुलाबरोबर गेलेली असते, तिच्यासाठी मात्र सगळं गाव पेटलेलं. शेवटी हा भाऊही खोटंच सांगतो की माझी बहीणसुद्धा तशीच गेली. लगेच चक्रं फिरतात! हा प्रसंग बघताना माझ्या अंगावर काटा आला. बहिणीला शोधायला लावण्यासाठी भावाला खोटं बोलावं लागतं.

गुन्हेगार कोण याचा अंदाज आपल्याला लवकरच येतो. मृदू बोलणारा, हिंदी शिकवणारा, बायकामुलांचा माणूस. विजय वर्मानं तो असा केलाय की अंगाला राकट हात न लावताही भीती वाटते. आपण धडधडत्या छातीनं बघतो ते त्याच्याविरुद्ध पुरावा मिळतो का, हे. अंजली दलित समाजातली. घरी आई लग्नासाठी मागे लागलेली, बाहेर जातीवरून टोमणे. ते सगळं पचवून ती बुलेटला किक मारते.

‘हे जरा अतीच दाखवलंय,’ असं वाटलं तर एक सांगते. कर्नाटकात मोहनकुमार नावाच्या एका शिक्षकावर वीस बायकांच्या खुनाचे खटले चालले. २००३ ते २००९ या काळातले हे खून. लग्नाचं आमिष दाखवून परगावी न्यायचं, गर्भ राहू नये म्हणून गोळी आहे असं सांगून सायनाइड द्यायचं, दागिने घेऊन पसार व्हायचं. प्रेतं सापडायची ती बसस्टँडच्या शौचालयांत. ‘सायनाइड मोहन’ याच नावानं तो ओळखला जातो. पडद्यावरचं कितीतरी प्रत्यक्षात आधीच घडून गेलंय.

न दाखवताही कळतं

दुसरी ‘दिल्ली क्राइम’. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत चालत्या बसमध्ये जे घडलं, ते आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. त्या तपासावरची ही नेटफ्लिक्सची मालिका २०१९ मध्ये आली. २०२० मध्ये तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. भारतीय मालिकेला तो पहिल्यांदाच मिळाला.

अनेक जणींनी ही मालिका भीतीनं टाळलीय, म्हणून मुद्दाम सांगते. दिग्दर्शक रिची मेहता यांनी तो अत्याचार पडद्यावर दाखवलेलाच नाही. दिसतो तो डीसीपी वर्तिका चतुर्वेदीचा, म्हणजे शेफाली शाहचा चेहरा. डॉक्टर तिला जखमा सांगत असतात आणि तिच्या डोळ्यांत आपल्याला सगळं कळतं. नंतर सात भाग तपास. तोही कसा? ठाण्यातली वीज जाते, माणसं कमी पडतात, शिपाई दिवसेंदिवस घरी गेलेले नसतात. सीसीटीव्हीच्या धूसर चित्रांतून लाखो गाड्यांच्या शहरातली एक बस शोधायची. इथं कुणी चुटकी वाजवून गुन्हेगार पकडत नाही, चिकाटीनं एकेक धागा ओढत जातं. आणि रात्री-बेरात्री वर्तिकाची स्वतःची मुलगी म्हणत असते, मला या शहरात राहायचंच नाही. आई पोलीस अधिकारी, तरी मुलीला काय उत्तर द्यावं तिला सुचत नाही.

एक खरं, ही मालिका पोलिसांच्या बाजूनं उभी राहून सांगितलेली आहे. रस्त्यावर उतरलेल्या मुलींचा संताप त्यात थोडा बाजूला पडतो. तेवढं भान ठेवून बघा. २०२२ मध्ये आलेला दुसरा भाग हीच चूक भरून काढतो म्हणा ना. त्यात संशयाची सुई ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्यानं ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींकडे वळते. कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचलेल्या आपल्या वाचकांना हे दुखणं नवं नाही.

‘खरं सांगतेस ना?’

तिसरी अमेरिकेतली, ‘अनबिलिव्हेबल’. २०१९ ची, आठ भागांची. इंग्रजी आहे, पण सबटायटल वाचत वाचत का होईना, बघाच. घटना खरी आहे. २००८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका अठरा वर्षांच्या मुलीवर तिच्या घरात घुसून बलात्कार झाला. मुलगी अनाथासारखी, एका पालक-घरातून दुसऱ्या पालक-घरात वाढलेली. तिनं तक्रार केली. पोलिसांनी तेच ते पुन्हा पुन्हा विचारलं, तिच्या सांगण्यात बारीकसारीक फरक निघाले. जिनं तिला सांभाळलं, तिलाही शंका आली. रडत नाही कशी ही? शेवटी पोरगी इतकी दमली की म्हणाली, झालंच नाही काही. मग खोटी तक्रार केली म्हणून तिच्यावरच खटला!

तीन वर्षांनी, शेकडो मैल दूर कोलोरॅडोमध्ये दोन वेगवेगळ्या ठाण्यांतल्या दोन बायका, दोघी डिटेक्टिव्ह, असाच तपास करत होत्या. एकीच्या पोलीस नवऱ्यानं घरी बोलता बोलता सांगितलं, आमच्या ठाण्यातही अशीच एक केस आहे. तिथून धागा जुळला. या प्रकरणावर दोन पत्रकारांनी लिहिलेल्या वृत्तांताला २०१६ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला, त्यावरून ही मालिका बेतलीय.

पहिल्या भागातली चौकशी बघा आणि दुसऱ्या भागातली चौकशी बघा. प्रश्न जवळजवळ तेच. पण पहिल्या ठिकाणी मुलीला खोटी ठरवण्यासाठी विचारलेले. दुसऱ्या ठिकाणी ती डिटेक्टिव्ह आधी विचारते, इथं बोलायला बरं वाटेल की दुसरीकडे जाऊ या? या एका वाक्यानं तपासाचं अख्खं वळण बदलतं. घरात मुलगी काही सांगायला आली तर आपला पहिला प्रश्न कोणता असतो, हे आठवून बघा. ‘तू तिथं गेलीसच कशाला?’ हाच ना?

सगळे ओळखीचेच

लहान गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सर्वात जवळची वाटेल ती इंग्लंडची ‘ब्रॉडचर्च’ (२०१३). समुद्रकाठचं छोटं गाव. अकरा वर्षांच्या मुलाचा मृतदेह किनाऱ्यावर सापडतो. तपास करणारी एली मिलर (ऑलिव्हिया कोलमन) त्याच गावची, त्या मुलाच्या आईची मैत्रीण. गावात कुणीच परकं नाही. पेपर टाकणारा, दुकानदार, पाद्री, शेजारी. आता ती कुणाकडे संशयानं बघणार? घराघरातली गुपितं बाहेर येतात, ज्यांचा खुनाशी संबंध नाही अशांचीही राखरांगोळी होते. कुजबुज एखाद्याचा जीव कसा घेऊ शकते, हे बघून मी दोन दिवस गप्प होते.

आणि एकच मालिका बघायला वेळ असेल तर? सॅली वेनराइट यांनी लिहिलेली बीबीसीची ‘हॅपी व्हॅली’. २०१४, २०१६ आणि २०२३ अशा तीन पर्वांत सहा-सहा भाग. नायिका कॅथरीन केवूड सत्तेचाळीस वर्षांची, घटस्फोटित, पोलीस सार्जंट. व्यसनातून सुटलेली बहीण घरात, आणि आत्महत्या केलेल्या मुलीचा मुलगा सांभाळायला. मुलीच्या मरणाला जबाबदार असलेला माणूस तुरुंगातून सुटून त्याच गावात येतो. कॅथरीन गुंडाशी झुंजते आणि घरी येऊन नातवाचा डबा, शाळेची तक्रार, बहिणीची समजूत हेही बघते. सारा लँकेशायरचं काम बघताना अभिनय चाललाय हे आपण विसरतो. मारामारीचे प्रसंग मात्र जबर आहेत, मन घट्ट करून बसा.

बघताना एवढं पाळा

या मालिका एका रात्रीत संपवू नका. दिवसाला एक भाग, तोही जेवणं झाल्यावर लगेच नको. लहान मुलं आसपास नसू देत. ज्यांच्यावर स्वतःवर असा प्रसंग गुदरलाय त्यांनी ‘अनबिलिव्हेबल’ एकटीनं बघू नये, जवळची कुणी सोबत असू द्यावी. कॉलेजातल्या मुलीबरोबर मात्र ‘दहाड’ जरूर बघा. ‘लग्न करीन’ म्हणणारा माणूस स्वतःच्या घरी का नेत नाही, फोटो का काढू देत नाही, दागिने घेऊन ये असं का सांगतो, हे उपदेश न करता बोलायला यापेक्षा सोपा रस्ता नाही.

आणि एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. लैंगिक अत्याचाराची तक्रार महिला पोलीस अधिकाऱ्यानं नोंदवून घ्यायची असते. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर मुलींच्या मोबाईलमध्ये आजच घालून द्या.

पुढच्या वेळी आळीत कुणी ‘अमक्याची पोरगी पळाली म्हणे’ असं हसत हसत सांगितलं, तर त्यात आपलं वाक्य जोडू नका. फक्त एवढंच विचारा, ‘ती सुखरूप आहे ना? कुणी बोललंय का तिच्याशी?’