चांगला मास्क कुणाच्या वाट्याला?

मैत्रिणींनो, आज एक काम करा. कपाटाचा खालचा खण उघडा. रुमाल, ब्लाऊजपीस, ओटीत आलेले खण बाजूला सारलेत की तळाशी दोन-चार मास्क नक्की सापडतील. एखादा पैठणीच्या काठाचा, एखादा साडीला मॅचिंग शिवून घेतलेला, एखादा बचत गटातून आणलेला. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं मास्क आपल्या घरात इतका रुळला होता, की नवरा-नवरीसुद्धा मुंडावळ्यांच्या जोडीला मास्क लावून बोहल्यावर उभे राहायचे. मग २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याला, राज्यातली मास्कची सक्ती उठली. ‘सुटलो बाई एकदाचे!’ म्हणत आपण ते मास्क कपाटात टाकले, ते टाकलेच.

सक्ती गेली, पण साथी कुठे गेल्यात? ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा मास्कसाठी मेडिकलच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. मार्च २०२० मध्ये राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्णही पुण्यातच सापडले. २०२३ च्या सुरुवातीला ‘एच३एन२’ फ्लूने घरोघरी खोकला लावून दिला. आपल्याकडे फ्लूला दोन हंगाम मिळतात, एक पावसाळ्याचा आणि एक थंडीचा. म्हणजे प्रश्न मास्क पुन्हा लागेल का हा नाहीच. लागेल तेव्हा कुठला लावायचा आणि कुणी लावायचा, हा आहे.

यातलं ‘कुणी’ फार महत्त्वाचं बरं का! घरात कुणी तापाने फणफणलं की उशाशी कोण बसतं? पाण्याच्या पट्ट्या कोण ठेवतं? रात्री दोनला खोकल्याचं औषध द्यायला कोण उठतं? उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आणि अशा वेळी घरातला चांगला मास्क कुठे असतो? ‘ह्यांना ऑफिसला जायचंय’ म्हणून एक त्यांच्या खिशात, ‘पोराला क्लासला जायचंय’ म्हणून दुसरा त्याच्या दप्तरात. आपल्याला काय, पदर आहे की! गरम पोळी सगळ्यांना वाढून शिळी आपल्या ताटात घ्यायची, त्यातलाच हा प्रकार. पण शिळ्या पोळीने फार तर पोट बिघडेल. इथे आजाऱ्याच्या सगळ्यात जवळ, सगळ्यात जास्त वेळ जी असते, तिच्याच नाकावर सगळ्यात तकलादू आडोसा असतो.

मास्क म्हणजे चहाची गाळणी नव्हे

अनेक जणींना एक शंका असते. विषाणू इतका बारीक, तो कापडाच्या भोकांतून सहज जाणार. मग मास्क लावून उपयोग काय?

शंका रास्त आहे. कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. पण तो हवेत एकटा-दुकटा फिरत नाही. खोकताना, शिंकताना, नुसतं बोलतानाही आपल्या तोंडातून थुंकीचे बारीक बारीक थेंब उडतात, त्यांच्यात तो असतो. मोठे थेंब लगेच खाली पडतात, बारीक मात्र बंद खोलीत अगरबत्तीच्या धुरासारखे बराच वेळ तरंगत राहतात.

हे तरंगणारे कण अडवायला नुसती जाळी पुरत नाही. चांगल्या मास्कच्या मधल्या थरात अतिशय बारीक प्लॅस्टिक तंतूंची गिचमिड असते आणि त्या तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो. थंडीच्या दिवसांत सिंथेटिक साडी अंगाला चिकटते ना? किंवा केसांवर घासलेला फुगा भिंतीला चिकटतो? तसाच कण त्या तंतूंना चिकटतो. गंमत म्हणजे अगदी बारीक कण हवेत सरळ न जाता वेडेवाकडे भिरभिरतात, त्यामुळे ते तंतूंवर जास्तच आदळतात. चकवणारे कण असतात मधल्या आकाराचे, साधारण ०.३ मायक्रॉनचे. म्हणून मास्कची परीक्षाही त्याच कणांवर घेतली जाते. तंतूंना असा भार देण्याची पद्धत अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात पीटर त्साय या शास्त्रज्ञाने विकसित केली.

श्वास कोंडेल ही भीतीही नको. हवेतला ऑक्सिजन या तंतूंमधून सहज आत येतो. दमा किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

कुठला किती कामाचा?

पदर, ओढणी, रुमाल : एकेरी कापड, तेही बाजूने उघडं. काहीच नसेल तेव्हा खोकल्यापुढे धरायला ठीक, पण याला मास्क म्हणू नका.

कापडी मास्क : २०२० मध्ये चांगले मास्क डॉक्टर-नर्सनाच पुरत नव्हते. तेव्हा बचत गटांतल्या बायकांनी रात्रंदिवस मशीन चालवून गावाला मास्क पुरवले. ते काम मोठंच होतं. पण आता पर्याय मिळत असताना कापडी मास्कवर सगळी भिस्त ठेवू नये. वापरायचाच तर घट्ट विणीच्या सुती कापडाचा, तीन पदरी घ्या. उजेडासमोर धरून बघा. आरपार लख्ख दिसलं तर तो नुसता शोभेचा. पैठणीचा मास्क फोटोपुरता छान!

सर्जिकल मास्क : मेडिकलमध्ये मिळतो तो निळा, तीन थरांचा. निळी बाजू बाहेर आणि तारेची कड वर, नाकावर. बांगलादेशात २०२०-२१ मध्ये सुमारे सहाशे गावांत, तीन लाखांहून जास्त माणसांवर एक मोठा अभ्यास झाला. जिथे सर्जिकल मास्क वाटले आणि ते लावायला लोकांना उत्तेजन दिलं, तिथे लक्षणं असलेला कोरोना सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला, तर साठीच्या पुढच्या लोकांत तब्बल ३५ टक्क्यांनी. तेही निम्म्याहून कमी लोक नीट मास्क लावत असताना! कापडी मास्कच्या गावांत मात्र असा ठाम फरक दिसला नाही.

एन-९५ किंवा एफएफपी-२ : आजाऱ्याजवळ बसणारीने लावायचा तो हा. एन-९५ चाचणीतले किमान ९५ टक्के कण अडवतो, एफएफपी-२ किमान ९४ टक्के. नावं दोन, काम जवळपास एकच.

व्हॉल्व्हचा मास्क : समोर प्लॅस्टिकची गोल टिकली असलेला. श्वास सोडायला सोपा, म्हणून लोकांना आवडतो. पण सोडलेला श्वास न गाळताच बाहेर येतो. लावणाऱ्याचा बचाव होतो, समोरच्याचा नाही. म्हणूनच जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने राज्यांना पत्र पाठवून असे मास्क न वापरण्याविषयी कळवलं होतं. आजाऱ्याला तर हा मुळीच लावू नका.

विकत घेताना

दुकानदार ‘एन-९५ आहे ताई, घ्या’ म्हणाला म्हणून घेऊ नका. भारतीय मानकाच्या मास्कवर किंवा पाकिटावर आयएसआयची खूण, ‘आयएस ९४७३’ हा आकडा आणि परवाना क्रमांक असायला हवा. गॅस शेगडी घेताना बघतो, तसंच. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो परवाना क्रमांक टाकला की खरा की खोटा ते कळतं. अमेरिकी प्रमाणपत्राच्या एन-९५ ला डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात. कानात अडकवायचा मास्क त्या नावाने कुणी विकत असेल तर सावध राहा.

आणि किमतीचं म्हणाल, तर ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने एन-९५ मास्कच्या कमाल किमती प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये अशा ठरवून दिल्या होत्या. एका मास्कला शेकड्याने पैसे मोजायचं कारण नाही, हे यातून कळावं.

खरी मेख फटीत

समजा, मास्क उत्तम आणलात. पण गालाशी फट राहिली तर? खिडकीला जाळी लावली आणि दार सताड उघडं ठेवलं, तर डास येणारच ना! हवाही तशीच, सोपी वाट धरते.

मास्क लावल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. एका चिमटीत दाबली तर मध्ये घडी पडते. मग दोन्ही तळवे मास्कवर हलके ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे, गालाकडे वारा लागतोय का? चष्म्यावर वाफ येतेय का? मग पुन्हा बसवा. श्वास आत घेताना मास्क किंचित आत ओढला गेला, तर समजा बसला.

आपल्या काही खास अडचणी असतात. अंबाड्यामुळे पट्टे घसरतात. वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या भागावर आणि खालचा कानांखालून मानेवर, अंबाड्याच्या खाली घ्या. गालावर आलेल्या बटा आत अडकू देऊ नका. मोठी नथ, लोंबते झुबे थोडा वेळ काढून ठेवा. चेहरा लहान असेल तर मोठा मास्क हनुवटीखाली उघडा राहतो, तेव्हा लहान आकार मागा. आणि घरातल्या दाढीवाल्यांना सांगा, दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. फॅशन की फुप्फुस, ठरवा म्हणावं!

सर्जिकल मास्क बाजूने उघडा राहत असेल तर कानाच्या दोऱ्यांना मास्कच्या कडेलगत गाठ मारा आणि बाजूची घडी आत खोचा. किंवा त्यावर नीट बसणारा कापडी मास्क लावा. एन-९५ वर मात्र दुसरं काही चढवायची गरज नाही.

पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नये, असं केंद्र सरकारच्या २०२१ च्या सूचनांत होतं. दोन वर्षांखालच्या बाळाला तर कधीच नाही, त्याला गुदमरण्याचा धोका असतो.

धुऊ नका, इस्त्री नको

स्वच्छतेची आपल्याला भारी हौस. पण एन-९५ साबणाने धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर मारलं, तर तंतूंवरचा विद्युतभार जातो आणि राहतं ते नुसतं कापड. त्यापेक्षा चार-पाच मास्क आलटून पालटून वापरा. वापरलेला मास्क पट्टे धरून काढा, कागदी पिशवीत ठेवा, पिशवीवर वार लिहा आणि सावलीत लटकवा. सोमवारचा पुढच्या सोमवारी. ओला झाला, मळला, पट्टे सैल पडले की टाकून द्या. सर्जिकल मास्क एकदाच वापरायचा. टाकताना कापा, कागदात गुंडाळा, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईला त्रास नको आणि तो पुन्हा कुणी विकायलाही नको.

हे मास्क प्लॅस्टिकच्या धाग्यांचे असतात, तेव्हा गॅसपाशी काम करताना ते तोंडावर नकोत. आजारी माणूस दुसऱ्या खोलीत असेल तर स्वयंपाकघरात मास्क काढून ठेवा.

घरात आजारपण आलं तर

आजाऱ्याला शक्यतो वेगळी खोली द्या, खिडक्या उघड्या ठेवा. तुम्ही खोलीत जाल तेव्हा त्याला सर्जिकल मास्क आणि तुम्हाला एन-९५. दोघांनी लावला तर उत्तम, कारण त्याचा मास्क विषाणू उगमाशीच अडवतो आणि तुमचा उरलेले अडवतो. त्याला धाप लागत असेल तर मात्र त्याच्यावर मास्कची सक्ती नको. अशा वेळी तुम्ही लावा आणि डॉक्टरांकडे न्या. टीबी हा विषाणूचा नव्हे, जिवाणूचा आजार, पण तोही हवेतूनच पसरतो. तेव्हा नव्याने टीबी निघालेल्या माणसाची सेवा करणारीलाही हाच नियम. दवाखान्यातली गर्दी, काचा बंद केलेली एसटी, पावसाळ्यातलं मंगल कार्यालय इथेही पर्समधला एक मास्क कामी येतो.

एवढं करून मास्क म्हणजे काही कवचकुंडलं नव्हेत. लस, मोकळी हवा, हात धुणं आणि आजारपणात घरी थांबणं हे सगळं हवंच. पण हे सगळं सांभाळणारी बाईच अंथरुणाला खिळली, तर घराचं चाक थांबतं. मग तिच्यामागे तिला बघायला कोण असतं, हे आपण कोरोनात पाहिलंय.

म्हणून या महिन्याच्या किराण्याच्या यादीत एक ओळ वाढवा : खुणेचे, मापाचे पाच मास्क. औषधांच्या डब्यात ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, की आजारपण आलं तर यातला पहिला आईचा. कुणी हसलं तर हसू द्या. हा स्वार्थ नाही, हिशोब आहे. आणि घरातला हिशोब आपल्याइतका पक्का दुसऱ्या कुणाचा असतो, सांगा बरं?