वर्गातील केर व नासाडी : कारणे आणि उपाय

शाळा सुटल्यानंतर वर्ग झाडला म्हणजे केराचा प्रश्न मिटला, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात झाडलेला केर शाळेच्या मागील कुंपणाजवळ जाऊन पडतो. तेथे त्याला काडी लावली की प्लॅस्टिकचा विषारी धूर त्याच वर्गाच्या खिडकीतून आत येतो. न जाळल्यास उष्ट्या अन्नाच्या वासाने आलेली गुरे पिशवीसकट ते अन्न गिळतात. पिशव्या पोटात पचत नाहीत, साचत जातात आणि अखेर एखाद्या गरीब शेतकऱ्याची दुभती गाय दगावते. म्हणून केर जेथे निर्माण होतो, तेथेच त्याचा विचार करणे इष्ट होय.

मोजदाद

उपायांपूर्वी मोजदाद असावी. एक आठवडाभर वर्गात चार टोपल्या ठेवाव्यात : कागद, अन्न व पालापाचोळा, प्लॅस्टिक आणि इतर. रोज शाळा सुटण्यापूर्वी प्रत्येक टोपलीतील केराचे वजन इयत्ता चौथीच्या मुलांनी करावे व फळ्यावरील कोष्टकात मांडावे. ग्रॅम-किलोग्रॅमचे रूपांतर, बेरीज व सरासरी हे गणित यात आपोआप शिकविले जाते. मात्र केर कोणी केला, त्याचे नाव कोष्टकात कधीही लिहू नये. मोजदाद वर्गाची आहे, मुलाची नव्हे.

कागद

कागदाच्या टोपलीत बहुधा वहीची फाडलेली पाने अधिक आढळतात. पान फाडणारे मूल उधळे असते, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. बारकाईने पाहिल्यास त्या पानावर चुकलेले उदाहरण किंवा खाडाखोड दिसते. तांबड्या शाईची भीती आणि ‘वही स्वच्छ हवी’ हा आग्रह, यांमुळे मूल चूक लपविण्यासाठी पान फाडते. तेव्हा चुकीवर एक सरळ रेघ मारून खाली पुन्हा लिहिण्याची मोकळीक शिक्षकांनी द्यावी. यात कागद वाचतो, आणि मुलाची चूक कोठे होते हेही शिक्षकांस कळते. कच्च्या आकडेमोडीस पाटी आजही उत्तम साधन आहे.

वर्षअखेरच्या कोऱ्या पानांचाही हिशेब करावा. ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वह्यांत मिळून केवळ २० पाने शिल्लक राहिली, तरी ती ८०० होतात. म्हणजे शंभर पानी आठ वह्या झाल्या. पालकांना विचारून ही पाने काढावीत, मुलांकडून सुईदोऱ्याने शिवून घ्यावीत आणि त्या वह्या वर्गाच्या कपाटात सर्वांसाठी ठेवाव्यात. ज्या मुलाच्या घरी वहीला पैसे नसतात, त्याला मग वर्गासमोर तसे सांगण्याचा प्रसंग येत नाही. खडूचे आखूड तुकडेही डब्यात जमवून लहान मुलांना फरशीवर अक्षरे गिरविण्यास द्यावेत.

स्नेहसंमेलनाची व राष्ट्रीय सणांची सजावट हे केराचे आणखी एक कारण होय. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्माकोल देशभर निषिद्ध झाले. आंब्याची पाने, झेंडूची फुले, रांगोळी आणि जुन्या कागदांच्या पताका यांनी शाळा तितकीच शोभते.

भोजन

पोषण आहारात प्राथमिक वर्गाच्या प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. १०० ग्रॅम तांदळाचा भात शिजून सुमारे ३०० ग्रॅम भरतो. ४० मुलांनी प्रत्येकी अवघा ३० ग्रॅम भात ताटात टाकला, तर १,२०० ग्रॅम भात वाया जातो. म्हणजे चार मुलांचे जेवण रोज केरात जाते.

यावर ‘ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठू नये’ असा दंडक घातला जातो. तो योग्य नव्हे. पहिलीतील मूल व पाचवीतील मूल यांची भूक सारखी नसते, तरी पहिली वाढ दोघांनाही एकाच मापाची होते. प्रथम थोडे वाढावे आणि पुन्हा वाढण्याची सोय ठेवावी. येथे एक दक्षता अत्यावश्यक आहे. बुजरे मूल दुसऱ्यांदा मागत नाही. ते अर्धपोटी उठते, आणि टोपली मात्र रिकामी दिसते. ज्या मुलाचे ते दिवसातील पहिलेच पोटभर जेवण असते, त्याच्या भुकेतून केलेली बचत ही बचत नव्हे. यासाठी शिक्षकांनी स्वतः पंगतीतून फिरून प्रत्येकास विचारावे. अन्न सर्वांच्याच ताटात उरत असेल, तर ते करपले काय, खारट झाले काय, याची चौकशी स्वयंपाकघरात करावी.

खताचा खड्डा

इतके करूनही जे उष्टे व भाजीची देठे उरतील, त्यांचे खत करावे. आवाराच्या कडेला, पाण्याच्या स्रोतापासून दूर, सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा; पावसाचे पाणी शिरू नये म्हणून कडेने बांध व सुरक्षिततेसाठी काट्यांचे कुंपण घालावे. ओल्या केराच्या एका थरावर वाळलेल्या पाल्याचे दोन-तीन थर व मूठभर माती टाकावी. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. दुर्गंधी सुटल्यास पाणी अधिक झाले असे समजून कोरडा पाला वाढवावा. आठ-दहा दिवसांनी वरखाली केल्यास दोन-तीन महिन्यांत खत तयार होते व ते शाळेच्या परसबागेस उपयोगी पडते. प्लॅस्टिक खड्ड्यात टाकू नये व जाळूही नये; स्वच्छ करून पोत्यात साठवावे आणि ग्रामपंचायतीच्या संकलनाकडे द्यावे.

काम कोणी करावे

केर काढण्याचे काम शिक्षा म्हणून देऊ नये. नाहीतर मुलांच्या मनात झाडू व अपमान यांची कायमची सांगड बसते. हे काम केवळ मुलींनी किंवा ठरावीक वस्तीतील मुलांनी करावयाचे, अशी रूढी कोठे नकळत चालू असल्यास ती तत्काळ मोडावी. अस्पृश्यता संविधानाने १९५० साली नष्ट केली. ती केराच्या टोपलीआडून वर्गात परत येता कामा नये. हजेरीपटाच्या क्रमाने सर्व मुलामुलींची पाळी लावावी आणि त्या पाळीत शिक्षकांचेही नाव असावे. गाडगे महाराज दिवसा गाव झाडीत व रात्री कीर्तन करीत. त्यांच्या कीर्तनाचे बळ त्या दिवसाच्या झाडूत होते, हे शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे.

महिन्यानंतर पुन्हा आठवडाभर मोजदाद करावी व दोन्ही कोष्टके शेजारी-शेजारी लावावीत. कोणत्या टोपलीत फरक पडला व कोणत्या टोपलीत पडला नाही, याची चर्चा मुलांनीच करावी. जेथे फरक पडला नसेल, तेथे पुढील महिन्याचे काम सुरू होते.